कोंबडं आणि तांबडं

अमळनेरच्या बाजारपेठेत कोंबड्या विकणाऱ्या एखाद्या दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहावं. पाटीवर ‘चिकन’ लिहिलेलं असतं. खाली खडूने ‘गावरान’ आणि ‘बॉयलर’ असे दोन भाव मांडलेले असतात. गिऱ्हाईक विचारतं, ‘‘कोंबडी कशी दिली?’’ दुकानातला माणूस आतल्या पोराला हिंदीत हाक घालतो, ‘‘एक मुर्गी निकाल.’’ सरकारी दवाखान्यातून रोगराईची सूचना आली, तर त्या कागदावर याच जिवाला ‘कुक्कुट पक्षी’ म्हटलेलं असतं. आणि सातपुड्याकडून कामाला आलेला भिल्ल माणूस घरच्या बोलीत तिला ‘कुकडी’ म्हणतो.

पक्षी एक आणि नावं पाच-सहा. यांतलं प्रत्येक नाव वेगळ्या वाटेने या बाजारात आलं आहे. चिकन विलायतेहून आलं, मुर्गी इराणहून, कुक्कुट संस्कृतातून, तर कुकडी त्याच कुक्कुटाची रानवाटेने आलेली नात. मग कोंबडी कुठून आली? आपल्या तोंडात सगळ्यांत जास्त असलेल्या या शब्दाची चौकशी आपण सहसा करत नाही. घरच्या माणसाला कोणी गाव विचारत नाही, तसंच हे.

ही चौकशी अमळनेरात बसून करायला दोन कारणं आहेत. पहिलं कारण विद्येचं. १९५२ मध्ये मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरलं, तेव्हा अध्यक्ष होते कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी. ते कवी नव्हते आणि कादंबरीकारही नव्हते. मराठी शब्दांची कुळं शोधण्यात हयात घालवलेला हा माणूस. त्यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६ साली आला. त्याआधी त्यांनी इतिहासाचार्य राजवाड्यांचा ‘मराठी धातुकोश’ संपादित केला होता. राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी गेले ते धुळ्यात, म्हणजे अमळनेरपासून चाळीस किलोमीटरांच्या आत. पुन्हा संमेलन अमळनेरला आलं ते २०२४ च्या फेब्रुवारीत, सत्त्याण्णवावं. शब्दांची उलटतपासणी करण्याची सवय या मातीला जुनी आहे.

दुसरं कारण भूगोलाचं. अमळनेरच्या पश्चिमेला गुजरात, उत्तरेला तापी आणि तिच्यापलीकडे सातपुडा, त्याच्याही पलीकडे निमाड. इथल्या घरांत अहिराणी बोलतात. अहिराणीत ‘कोंबडीचं अंडं’ होतं ‘कोंबडीनं अंडं’. गुजरातीत तेच ‘मरघीनुं ईंडुं’. जोडणारा प्रत्यय बघा: ‘चं’ गेला आणि गुजरातीच्या जवळचा ‘नं’ आला. भाषापंडित ग्रिअर्सनने आपल्या भाषिक पाहणीत खानदेशीला १९०७ सालच्या खंडात भिल्ली भाषांच्या शेजारी बसवलं, ते अशाच खुणांवरून. पण प्रत्यय पश्चिमेकडे झुकला तरी पक्ष्याचं नाव झुकलं नाही. ते कोंबडीच राहिलं. प्रत्यय बदलतो आणि खुराड्यातला शब्द बदलत नाही, यात काहीतरी अर्थ असणार.

आवाजाची नावं

पक्ष्याला नाव द्यायची सगळ्यांत सोपी रीत म्हणजे त्याचीच हाक त्याला परत करणं. काव काव करतो तो काक, कू करतो तो कोकिळ. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने आपल्या निरुक्तात हे सरळ सांगून टाकलं आहे: कावळ्याचं नाव आवाजाच्या नकलेतून आलं आणि पक्ष्यांच्या बाबतीत असं पुष्कळदा घडतं. पण त्याच ठिकाणी तो औपमन्यव नावाच्या आचार्याचं विरुद्ध मतही नोंदवतो. औपमन्यवाला आवाजाची नक्कल ही गोष्टच मान्य नव्हती. त्याच्या मते प्रत्येक नावामागे एखादी क्रिया असलीच पाहिजे. कावळ्याला हाकलावं लागतं, म्हणून तो काक. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा वाद आहे, आणि व्युत्पत्ती सांगणारा प्रत्येक माणूस आजही या दोघांपैकी एकाच्या ओसरीवर बसलेला असतो.

कोंबड्याच्या बाबतीत मात्र यास्काचं पारडं जड दिसतं. ‘कुक्कुट’ हा शब्द यजुर्वेदाइतका जुना, आणि तो कुठून आला हे सांगायला पंडित लागत नाही. पहाटे जागं असलं की पुरे. त्याचा दुसरा जुना शब्द ‘कृकवाकु’. यास्क तो फोडून दाखवतो: पहिला तुकडा आवाजाची नक्कल, दुसरा बोलणे या अर्थाच्या धातूपासून. म्हणजे ‘कृक असं बोलणारा’. पाणिनीने स्वरांचे ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत असे तीन प्रकार सांगताना उदाहरणासाठी ‘अ’ सोडून ‘उ’ का घेतला, याचं उत्तर पाठशाळांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या एकच दिलं जातं: कोंबड्याचं आरवणं ऐका. कु, कू, कूऽऽ. एक मात्रा, दोन मात्रा, तीन मात्रा. व्याकरणाचा पहिला वर्ग रोज पहाटे उकिरड्यावर भरतो म्हणायचा.

या कुक्कुटाचा वंश किती पसरला ते नकाशावर बघण्यासारखं आहे. प्राकृतात ‘कुक्कुड’ झाला. पंजाबीत कुक्कड, मारवाडीत कूकडो, गुजरातीत कूकडो, काश्मिरीत कोकुर. नेपाळीत कुखुरा, असमियात कुकुरा, ओडियात कुकुडा. समुद्र ओलांडून सिंहलीत गेला तर तिथे कुकुळा. काश्मीरपासून लंकेपर्यंत एकाच आरवण्याचे हे पडसाद आहेत. आपल्या सातपुड्यातली भिल्ली ‘कुकडी’ याच रांगेतली.

माणसाचा कान मात्र सगळीकडे सारखा नसतो. मराठी मूल ‘कुकूच कू’ म्हणतं, जर्मन मूल ‘किकेरिकी’, फ्रेंच ‘कोकोरिको’, इंग्रज ‘कॉक-अ-डूडल-डू’. ‘क’ मात्र कोणाचा सुटलेला नाही.

आपलाच शब्द वेगळा का?

आता या नकाशावर महाराष्ट्र आणि गोवा शोधा. उत्तरेकडून कुकड्यांनी वेढलेल्या या पट्ट्यात कुकडा नाही. मराठीत कोंबडा, कोंकणीत कोंबो. खाली दक्षिणेत उतरलं तर कन्नडमध्ये कोळी, तमिळ-मलयाळममध्ये त्याच शब्दाचा ‘कोऴि’, तेलुगूत कोडी. म्हणजे उत्तरेच्या कुकड्याशी आपलं जमलं नाही आणि दक्षिणेच्या कोळीशीही नाही.

कोणी म्हणेल, कुक्कुटाचाच कोंबडा झाला असेल. पण शब्द असे वाटेल तसे बदलत नाहीत. त्यांच्या बदलाला शिस्त असते. प्राकृत ‘कुक्कुड’ मराठीत आला असता तर ‘कुकुडा’ किंवा त्याच्या जवळचं काही झालं असतं. ‘क्क’ मधून ‘ंब’ निघायला मराठीच्या इतिहासात वाट नाही. दुसरा कोणी म्हणेल, संध्याकाळी खुराड्यात कोंबतात म्हणून कोंबडी. हा औपमन्यवाचा वारसा! विनोद चांगला आहे, पण व्युत्पत्ती कच्ची. खुराड्यात कोंबली जायच्या आधी ती नावाशिवाय हिंडत होती असं मानावं लागेल.

पुरावा कोंकणीत आहे. मराठी ‘घोडा’ तो कोंकणीत ‘घोडो’, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या हिशोबाने कोंकणी ‘कोंबो’ मराठीत ‘कोंबा’ व्हायला हवा. आणि असा ‘कोंबा’ मराठीत खरोखरच आहे, फक्त एका दुसऱ्या पक्ष्याच्या नावात दडून बसलेला. तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा, घुमल्यासारखं ‘कुक्‌ कुक्‌’ करत फिरणारा भारद्वाज. त्याला कोकणात कुकुडकोंबा म्हणतात. या नावात दोन्ही कुळं शेजारी बसली आहेत: पुढे कुक्कुटाचा कुकुड आणि मागे आपला कोंबा. म्हणजे मूळ शब्द ‘कोंब’ आणि ‘डा’ हा मागून जोडलेला.

हा ‘डा’ मराठीचा जुना लाडका. अपभ्रंश भाषेत शब्दाला असा ‘ड’ लावायची रीत होती. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणात तिची नोंद घेतली आहे. अर्थात फारसा फरक पडत नाही, शब्द जरा घरगुती होतो. चर्म, त्याचं चाम, आणि मग चामडं. आंत्र, त्याचं आत, आणि मग आतडं. ताम्र, त्याचं प्राकृतात तंब, मराठीत तांब, आणि मग तांबडा. ताम्र हे धातूचं नाव होतं, तांबडा हा रंग झाला. हा तांबडा लक्षात ठेवा. शेवटी तो पुन्हा भेटणार आहे. तांब-डा, कोंब-डा. बांधणी हुबेहूब एकच.

मग उरतो ‘कोंब’. मराठीत कोंब म्हणजे अंकुर. मटकीला मोड येतात, आल्याला, हळदीला, ऊसाच्या डोळ्याला कोंब फुटतो. आणि कोंबड्याच्या डोक्यावर काय असतं? तुरा. कवटीतून वर फुटून आलेला, लाल, मांसल, दातेरी. एक दिवसाच्या पिल्लाच्या डोक्यावर ती नुसती रेघ असते. काही आठवड्यांत नराच्या डोक्यावर ती भराभर वर येते, मादीची मागे राहते. घरची बाई पिल्लांमधले कोंबडे आणि कोंबड्या ओळखते ती या वाढीवरून. पुढे तलंग वयात आली, म्हणजे पहिलं अंडं घालायच्या बेताला आली, की तिचा फिकट तुरा लाल होतो. ‘तुरा रंगला, आता अंड्यावर येईल’ हे अनुभवाचं शास्त्र आहे, आणि ते खरंही आहे: अंडाशय जागं झालं की त्याचे स्राव रक्तातून तुऱ्यापर्यंत पोचतात. पाळणाऱ्याच्या दृष्टीने तुरा ही शोभा कमी आणि खबरपत्र जास्त. त्या तुऱ्यावरून पक्ष्याचं नाव पडलं असेल तर त्यात नवल नाही.

दक्षिणेकडचे शब्द या तर्काला टेकू देतात. कन्नडमध्ये ‘कोंबु’ म्हणजे शिंग, ‘कोंबे’ म्हणजे फांदी. तमिळमध्ये ‘कोम्बु’ हा एकच शब्द शिंग आणि फांदी या दोन्हींसाठी चालतो. तेलुगूत कोम्मु म्हणजे शिंग आणि कोम्म म्हणजे फांदी. अंगातून फुटून वर आलेलं ते कोंब, मग अंग झाडाचं असो की जनावराचं. मराठी आणि कन्नड शेकडो वर्षं एकाच चुलीवर रांधत आल्या. ‘अक्का’ त्यांच्याकडून आपल्याकडे आली, तशी शेतातली आणि घरातली कितीतरी नावं. तेव्हा आपला ‘कोंब’ आणि त्यांचा ‘कोंबु’ हे सोयरे असण्याचा संभव मोठा आहे. इथे पुराव्याचा कल सांगतो आहे, शिक्का मारलेला निकाल नव्हे. पण कल स्पष्ट आहे: बाकीच्यांनी या पक्ष्याला ऐकलं आणि नाव दिलं, आपण त्याला पाहिलं आणि नाव दिलं.

पाहणारे आपण एकटे नव्हतो, हेही सांगायला हवं. अमरकोशात कोंबड्याची जी नावं दिली आहेत, त्यांत कुक्कुट आणि कृकवाकु ही कानाची नावं आहेत, तशी ताम्रचूड आणि चरणायुध ही डोळ्याची. ताम्रचूड म्हणजे तांबड्या तुऱ्याचा; चरणायुध म्हणजे पायातच हत्यार बाळगणारा. फरक इतकाच की संस्कृतात ताम्रचूड पोथीत राहिला आणि बोलण्यात कुक्कुट उतरला. मराठीत तुऱ्याचं नावच चुलीपर्यंत आलं.

इथे एक सापळा आहे, त्यातून सावध राहायला हवं. इंग्रजीत तुऱ्याला ‘कोम’ म्हणतात, आणि लिहिताना शेवटी एक मुका ‘ब’ लावतात. कोंब आणि कोम्ब! इंग्रजी शाळेतलं मूल उड्या मारेल. पण तो शब्द कंगव्याचा आहे. त्याचं मूळ दात या अर्थाच्या शब्दात, आणि त्या घराण्यातला संस्कृत भाऊ आहे ‘जम्भ’, म्हणजे दाढ. तुऱ्याला दाते असतात म्हणून इंग्रजांनी त्याला कंगवा म्हटलं. आपण अंकुर म्हटलं. दोन्ही शब्द एकाच तुऱ्यापाशी आले, पण एकाच घरातून निघाले नाहीत. व्युत्पत्तीत जुळा चेहरा हा पुरावा होत नाही, ही कुलकर्ण्यांसारख्यांची पहिली शिकवण.

कोंबडा, कोंबडी आणि कोंबडं

मराठीने या शब्दाला तिन्ही लिंगं दिली. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातही तिन्ही रूपं सापडतात. आपण ती किती नेमकी वापरतो ते जरा ऐकून बघावं. आरवतो तो कोंबडा. अंडी देते, खुडूक होते, पिल्लांना पंखाखाली घेते ती कोंबडी. आणि देवाला कबूल करायचं, पाहुण्यासाठी कापायचं, मोजदादीत धरायचं ते कोंबडं. ‘घरात चार कोंबड्या आहेत’ म्हणणारी बाईच ‘नवसाचं एक कोंबडं राहिलंय’ म्हणते. नवसासाठी बहुतेक नरच ठेवलेला असतो, तरी बोलताना त्याचं लिंग काढून घेतलं जातं. कामाचा जीव स्त्रीलिंगी वा पुल्लिंगी, आणि सुरीखाली जायचा तो नपुंसकलिंगी. ज्याला मारायचं त्याला आधी व्याकरणात परकं करायचं, असा हा भाषेचा दयाळू कावा असावा.

इंग्रजी या प्रसंगी दुसरी युक्ती करते: जीव गोठ्यात असतो तेव्हा एक नाव, ताटात आला की दुसरं. ती युक्ती आपण चिकनच्या बाबतीत उचलली. कोंबडी अंगणात, चिकन ताटात. ‘चिकन फिरतंय’ असं कोणी म्हणत नाही, आणि हॉटेलात बसून ‘कोंबडी हंडी’ मागवत नाही. खुद्द इंग्रजीत मात्र चिकन जिवंतही असते आणि शिजलेलीही. म्हणजे त्यांचा शब्द घेऊन त्यांची रीत आपण त्यांच्यापेक्षा कडक पाळली. खानदेशातला काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा अजून या फाळणीत पुरता सापडलेला नाही. भाकरी कुस्करून खाणारा म्हातारा तो कोंबडीचाच रस्सा म्हणतो.

बाकी तिच्याभोवतीचे शब्दही एकाच गावचे नाहीत. कोंबडा ‘आरवतो’ तेव्हा तो संस्कृतातल्या ‘रव’शी नातं सांगतो, ‘बांग देतो’ तेव्हा फारसीशी. डोक्यावरचा ‘तुरा’सुद्धा फारसीतून आलेला, मूळ अरबीतल्या, केसांच्या बटेचा. डोक्यावर फारसी तुरा, पोटात संस्कृत अंडं, आणि नाव मराठी कोंबडी.

मुर्गी आणि हरीण

आता दुकानातल्या पोराच्या ‘मुर्गी’कडे वळू. गुजराती ‘मरघी’ तीच. फारसीत ‘मुर्ग’ म्हणजे मुळात कुठलाही पक्षी. बाराव्या-तेराव्या शतकातल्या अत्तार या सूफी कवीच्या काव्यात असंख्य पक्षी आपल्या राजाच्या, सीमुर्गाच्या, शोधात निघतात, पोचतात ते तीसच, आणि शेवटी त्यांना कळतं की सी मुर्ग, म्हणजे तीस पक्षी, ते आपणच. त्या भव्य मुर्गाचं पुढे अंगणातल्या मुर्गीत आकुंचन झालं. जो पक्षी रोज समोर, त्यानेच साऱ्या जातीचं नाव बळकावलं. इंग्रजीतही ‘फाउल’ हा शब्द एकेकाळी सगळ्या पक्ष्यांचा होता; त्याचा जर्मन भाऊ ‘फोगेल’ अजूनही सगळ्यांचा आहे.

संस्कृतात हाच खेळ ‘मृग’ शब्दाशी झाला. मृग म्हणजे आधी कुठलंही रानातलं जनावर. म्हणून तर सिंह मृगराज होतो, माकड शाखामृग होतं आणि शिकारीला मृगया म्हणतात. नंतर सर्वांत जास्त ज्याची शिकार व्हायची त्या हरणाने तो शब्द स्वतःकडे ओढून घेतला. आणि गंमत पुढे आहे. फारसी ‘मुर्ग’ आणि संस्कृत ‘मृग’ हे एकाच आईचे. जुन्या इराणी भाषेत, अवेस्तेत, त्या शब्दाचा अर्थ पक्षी झाला. इकडे भारतात पशू झाला. हिंदुकुशाच्या अलीकडे तो जमिनीवर राहिला, पलीकडे उडाला.

हजारो वर्षांनी या दोन भावांची गाठ मराठीत पडली, तीही चुकून. उंटासारखी मान असलेल्या मोठ्या पक्ष्याला फारसीत ‘शुतुर्मुर्ग’ म्हणतात, म्हणजे उंटपक्षी. मराठी तोंडाला तो शब्द अवघड गेला. जवळचा ओळखीचा शब्द शोधता शोधता तो झाला शहामृग. दोन पायांचा, पंखांचा प्राणी, आणि नावात हरीण! शाळेत मुलं विचारतात, हा मृग कसा? त्याचं उत्तर असं की आपण मुर्गचा चुकून मृग केला, आणि त्या चुकीने हरवलेले भाऊ एका घरात आले.

बॉयलरचा जमाना

अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाकडे ओढायची ही खोड अजून गेलेली नाही. ‘ब्रॉयलर’ हा इंग्रजी शब्द भाजण्याजोग्या कोवळ्या कोंबडीचा. महाराष्ट्रात तो सर्वत्र ‘बॉयलर’ झाला. अमळनेरसारख्या गिरणीच्या आणि तेलाच्या गावात बॉयलर म्हणजे काय हे नातवंडांनाही माहीत. इथेच १९४५ साली वनस्पती तुपाचा तो कारखाना निघाला, ज्याची पुढे विप्रो झाली. शिवाय साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात बॉयलर पेटणं हा तर हंगामाचा मुहूर्त. तेव्हा पिंजऱ्यातून आलेल्या, पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंची होणाऱ्या पांढऱ्या कोंबडीला यंत्राचं नाव चिकटलं ते अगदीच अस्थानी नव्हतं. तिच्या उलट बाजूला ‘गावरान’ हा शब्द उभा राहिला. पूर्वी सगळ्याच कोंबड्या गावच्या होत्या. तेव्हा गावरान म्हणायची गरज नव्हती. बॉयलर आली आणि साध्या कोंबडीला विशेषण लावावं लागलं.

सरकारने मधली वाट काढली तेव्हा तिची नावं पुन्हा संस्कृतातून आली. परसात वाढणाऱ्या, पण अंडी आणि मांस जास्त देणाऱ्या सुधारित जाती तयार झाल्या: बंगळुरूची गिरिराज आणि हैदराबादची वनराज. उकिरडा उकरणाऱ्या पक्ष्याला पर्वताचा आणि वनाचा राजा केलं. पलीकडच्या झाबुआचा काळ्या मांसाचा कडकनाथ मात्र भिल्लांनी जपलेलं नाव घेऊनच बाजारात आला. २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

या नावांचं वजन खानदेशाला एकदा फार कडू रीतीने कळलं. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक जाहीर झाला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात, जिथे मोठमोठे पोल्ट्री फार्म होते. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत परसातल्या कोंबड्यांतही रोग सापडला. अशा वेळी भाषा कशी वाटली जाते ते पाहण्यासारखं असतं. आदेश निघतो तो ‘कुक्कुट पक्षी नष्ट करण्याचा’. शहरातलं गिऱ्हाईक ‘चिकन’ बंद करतं. आणि अंगणातून पाटी उचलून नेली जाते त्या बाईची मात्र ‘कोंबडी’ जाते. पाच पिल्लांची, काल खुडूक झालेली, तुऱ्यावरून ओळखू येणारी. नोंदवहीत ती पक्षी असते, घरात नसते.

झाकलेलं कोंबडं

घरच्या कोंबडीचा एक पूर्वज आपल्या सातपुड्यातच आहे. रानकोंबड्याच्या दोन जातींचा पाळीव कोंबडीच्या रक्तात वाटा आहे. मुख्य पूर्वज आग्नेय आशियाकडचा लाल रानकोंबडा. पण पायांची आणि कातडीची पिवळी झाक देणारा गुण करड्या रानकोंबड्याकडून आला, असं २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. आणि हा करडा रानकोंबडा दख्खनचा, सह्याद्री-सातपुड्याच्या रानांतला. म्हणजे जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्या आपल्याकडच्या रानाची एक खूण अंगावर घेऊन फिरतात. त्या रानात फिरणाऱ्या माणसाला आधी आवाज ऐकू येतो, हे खरं. पण झुडपातून क्षणभर दिसतो आणि लक्षात राहतो तो तांबडा तुरा.

या तुऱ्याने पुढे झाडालाही नाव दिलं. परसात गणपती-नवरात्राच्या सुमाराला फुलणाऱ्या, मखमली घडीच्या लाल फुलाला आपण ‘कोंबडा’ म्हणतो. झाडाच्या अंकुरावरून पक्ष्याला नाव पडलं असेल, तर ते नाव पक्ष्याच्या डोक्यावरून उतरून पुन्हा झाडावर जाऊन बसलं.

आता तो राहिलेला तांबडा. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण मराठी माणसाला शिकवावी लागत नाही. ती आपण सत्य लपवणाऱ्याला ऐकवतो. पण नुसती तिची बांधणी ऐका. कोंब-डं आणि तांब-डं: दोन्ही शब्दांना तोच जुना, अपभ्रंशातून आलेला ‘ड’. दोन्ही नपुंसकलिंगी. आणि मधलं क्रियापद ‘फुटणं’. कोंब फुटतो, तसं तांबडं फुटतं. डालग्याखाली झाकलं तरी आवाज दाबला जाईल, पण आकाशाच्या डोक्यावर तुरा फुटायचा थांबत नाही. म्हण रचणाऱ्याने व्युत्पत्ती कोश चाळलेला नव्हता. त्याने फक्त पहाट पाहिली होती, आणि कोंबडाही.